पदराच्या गाठी आणि अकारविल्हे

चार लोक मिळून शब्द गोळा करायला बसले की शब्द थोडे जमतात आणि किस्सेच जास्त! अड्याळच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी झाडीबोलीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीच्या, शब्दकोशाचं काम चालतं. प्रमुख कापगते सर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कार्डं लिहिणारा मी, ज्ञानेश्वर. जन्माचा घाबरट. त्याचं कारणही सांगतो.

* * *

सरांचा आवडता शब्द 'अकारविल्हे'. 'अ'पासून सुरू करून एकेका अक्षराप्रमाणे लावलेलं, ते अकारविल्हे. विल्हे लावणं म्हणजे ज्याला त्याला त्याच्या जागी बसवणं. शाळेचा हजेरीपट अकारविल्हे, शब्दकोश अकारविल्हे.

सरांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, "अकारविल्हे कामाकरिता खोली मिळावी." तिथल्या बाबूनं तो दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "सर, हे कोणत्या खात्याची योजना होय? जीआर जोडला नाही तुम्ही!"

खोली मिळाली नाही. म्हणून वाचनालय.

* * *

आता माझ्या घाबरटपणाचं. आमच्या शाळेत सगळ्या याद्या पहिल्या नावाच्या अकारविल्हे. 'ज्ञ' सगळ्यात शेवटी! गणवेश वाटप असो की सहलीची गाडी, अनिल-अशोक मजेत, आणि मी शेवटी उभा राहून उरलेले मोजत. आपल्यापर्यंत येईस्तोवर संपलं तर?

एकदा खरंच संपलं. गुरुजी म्हणाले, "ज्ञानू, तुले पुढच्या वर्षी दोन देऊ." तो गणवेश अजून यायचा आहे!

* * *

आमच्या कोशाचा खरा खजिना म्हणजे सोनाआजी. वैनगंगेत डोंगा, म्हणजे लहान होडी, घालून मासोळ्या धरण्यात तिचा जन्म गेला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव बुडालं, तेव्हापासून ती पुनर्वसनाच्या गावात लेकाकडे राहते. तिच्याकडचे शब्द आता दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आजी, आज फक्त 'अ'चे शब्द सांगा."

आजीनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गुरुजी, मासोळ्या जाळ्यात अकारविल्हे येतेत काय?"

पण सर हट्टी. रविवारी एक अक्षर, पुढच्या अक्षराचा शब्द आज घ्यायचा नाही. मध्येच तिला 'म'चा काही आठवला की सर हात वर करायचे, "थांबा, त्याची पाळी आल्यावर!" मग आजी विसरू नये म्हणून पदराला एक गाठ मारायची. माझा जीव मात्र खालीवर. आजीचं वय ऐंशीच्या पुढं, आणि आम्ही अजून 'ग'वर!

* * *

'न'पर्यंत येता येता पदराला गाठीच गाठी झाल्या. एक गाठ सगळ्यात मोठी, 'ह'ची. नदी चढायच्या आधी पाण्याचा रंग बदलतो, त्याला तिच्या गावात एक शब्द होता. तो ऐकला की लोक सामान बांधायला लागत.

एका रविवारी आजी आली, तर पदर सपाट! सुनेनं लुगडं धुताना सगळ्या गाठी सोडल्या होत्या.

सोबत आलेली सून रडकुंडीला आली. "मले वाटलं सुपारी असन, म्हणून सोडल्या. पाहतो त साऱ्या रिकाम्या!"

आजी दोन रविवार आठवत बसली. निम्मेअधिक शब्द परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. 'ह'चा मात्र पक्का होता. तिनं पुन्हा गाठ मारली. सर त्या दिवशी चहा न पिताच उठले. चूक कोणाची, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

* * *

'प' झाला आणि आजीला छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, वयामुळं खात्री देता येत नाही. मी आणि सर पहिल्या बसनं निघालो. वाटेत सर फक्त शब्दांची वही उघडत होते आणि मिटत होते.

आजीला हिरवा गाऊन घातला होता. सिस्टरनं लुगड्याची घडी माझ्या हातात दिली. गाठ तशीच होती. मी ती मुठीत घट्ट धरली. आपल्यापर्यंत येईस्तोवर संपलं तर?

सर स्ट्रेचरपाशी वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी क्रम मोडला. "आजी, चुकलं माझं. अकारविल्हे राहू द्या. तो 'ह'चा शब्द सांगून टाका."

आजीनं डोळे उघडले. "कुठं थांबलो होतो आपण, गुरुजी?"

"'प'वर."

"मंग येत्या इतवारी 'फ' घ्या."

"आजी, पण तो शब्द..." सरांनी वही उघडली.

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. आजीनं मान वळवली.

"आताच सांगून टाकलं, त मंग मी वापस कायले येऊ?"