निळं चीज आणि आईचा हात

मला निळं चीज आवडतं हे कळलं की आमच्याकडची माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. बुरशी आलेलं, खारट, उग्र वासाचं ते चीज हायवेवरच्या सुपरमार्केटात मिळतं. मुदत संपत आली की दुकानवाले त्यावर पिवळा कागद चिकटवून किंमत पाडतात, आणि माझा डोळा त्या पिवळ्या कागदावरच असतो. शिवऱ्याजवळच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी दिवसभर लोकांच्या पोळ्या लाटते. सुटल्यावर आधी दुकान, मग एसटी. भोरला घरी आले की तांदळाची भाकरी भाजायची, गरम गरम भाकरीवर चीज चुरायचं आणि वरून काकवी सोडायची. नवरा उठून खिडकी उघडतो. उघडू दे, त्याला मी देतही नाही.

पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मात्र घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. हा वास माझ्या ओळखीचा होता. माझ्या लहानपणी वडिलांनी तो आईच्या तोंडात कोंबला होता.

आमची वस्ती वेल्ह्याच्या डोंगरात. घरात म्हशी. आई रोजचं लोणी मडक्यात साठवायची आणि बाजाराच्या आदल्या दिवशी कढवून तूप करायची. एका पावसाळ्यात रस्ता खचला, बाजार हुकला आणि मडक्यातल्या लोण्यावर निळसर बुरशी धरली. वडिलांनी मडकं अंगणात आणलं, शेजारच्या बायकांना हाका मारल्या आणि सगळ्यांच्या देखत आईची मान दाबून ते लोणी तिला खायला लावलं. ती ओकली. त्यांनी परत भरवलं. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. शेवटी ते बायकांना म्हणाले, "हिच्या हातालाच बुरशी हाय."

मारलं असतं तर आई चार दिवसांत विसरली असती. हे वाक्य मात्र वस्तीनं धरून ठेवलं. आमच्यात लोणचं एकटीनं घालत नाहीत. बायका जमून कैऱ्या फोडतात, आणि जिचा हात चांगला मानलेला असतो तिनं पहिलं मीठ लावायचं. त्या दिवसापासून आईला मिठाला हात लावू दिला नाही कुणी. कैऱ्या फोडायला तिला बोलावणं यायचं. विळीवर बसून हात भरून यायचे, आणि मिठाचं पातेलं आलं की, "तू जरा सरून बस गं बाई." माझ्या लग्नातलं लोणचंही दुसरीनंच घातलं. आई चुलीपाशी लाकडं सारत बसली होती. मला म्हणाली, "एकदा त्यांनी आपल्या तोंडानं म्हनावं, हिच्या हातात काय वाईट न्हाई. मंग मला काय नको."

मला तेवढंच हवं होतं. तेही त्यांच्याच तोंडून.

वडिलांना लकवा झाला. उजवा हात गेला, डावा थरथरतो, भाताचं शीत तोंडापर्यंत पोचत नाही. आई त्यांना भरवते. ज्या हाताला बुरशी होती त्याच हातानं, रोज. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मीठ कमी पडलं तर घास तिच्या अंगावर थुंकण्याएवढी ताकद मात्र शिल्लक आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी चीजचं पाकीट घेऊन माहेरी गेले. आधी आईला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं. ही बुरशी मुद्दाम धरवतात, शहरातली माणसं पैसे देऊन खातात. तिनं तुकडा नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"ह्योच वास," ती म्हणाली.

"त्यांना भरव," मी म्हणाले. "बाकीचं मी बोलते."

तिनं निखारे पुढं ओढून त्यावर भाकरी गरम केली. मग उठली, भाकरी कुस्करली, त्यात चीज आणि काकवी कालवली आणि ताट घेऊन वडिलांसमोर बसली. पहिला घास त्यांनी सावकाश चावला. दुसऱ्याला तोंड आपणहून उघडलं.

"लई झ्याक हाय," ते म्हणाले. "काय हाय ह्ये?"

"दुधाचंच आहे, आबा," मी म्हणाले. "नासवलेलं. ते निळं दिसतंय ना, ती बुरशी."

ते चावायचे थांबले. माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं. मी म्हणाले, "बुरशी एवढी गोड लागते तर तेव्हा आईचं काय चुकलं होतं, ते सांगा आज."

आईचा हात घास घेऊन मध्येच थांबला होता. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. माझी आई कुणाकडं इतक्या आशेनं बघताना मी कधी पाहिली नव्हती, आणि मला तिचा रागच आला.

वडिलांनी तोंडातला घास गिळला. "ही दुकानातली बुरशी हाय," ते म्हणाले. "सोच्छ. हिच्या हातची असती तर थुकलो असतो."

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

आईनं घास ताटात ठेवला. तांब्यातल्या पाण्यानं त्यांच्या देखत हात धुतला, पदराला पुसला आणि ताट त्यांच्या डाव्या हाताला पोचणार नाही इतकं लांब सारलं.

"मंग ह्या हातचं कशाला खाता?" एवढंच बोलली. विळा घेतला आणि म्हशींसाठी गवत कापायला निघून गेली.

ते माझ्याकडं वळले. "तू तरी भरव की गं."

मी ताट पुढ्यात ओढलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून खाल्लं. भाकरी, चीज, काकवी, सगळं. बोटंसुद्धा चाटली. त्या चीजला इतकी चव मला आधी कधी लागली नव्हती.

आई दिवेलागणीला परत आली. तिच्यासाठी मी पाकिटातला एक तुकडा बाजूला ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही. दुपारचं पिठलं गरम केलं, भाकरी घेतली आणि त्यांच्यासमोर बसून जेवायला लागली. नवऱ्याच्या आधी ती आजवर कधी जेवली नव्हती. ते बघत होते. तिनं सावकाश खाल्लं, आणि संपल्यावर आणखी एक भाकरी वाढून घेतली.