मामाचा नवा मासा आज जेवला

मंडळी, निघाल्तो घनसावंगीला, पण जालन्यात मामाकडं डोकावलो अन् तिथंच अडकलो. मामानं खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये पिवळा मासा आणलाय. आणल्यापासून त्यानं काहीच खाल्लं न्हाई.

मामा काचेला नाक लावून कोळंबीचा तुकडा चिमट्यानं हलवून राह्यलता. "खा रे बाबा." मी बाजूला मोबाईल धरून. मासा दगडामागं दडलेला.

मामी म्हणली, "नव्या पाहुण्याच्या ताटाकडं असं टक लावून बघतेत का? जेवल कसा तो?"

तिनं तुकडे पाण्यात सोडायला लावले, काचेवर टॉवेल टाकला अन् आम्हाला चहाला बसवलं.

मंग मामानं हळूच टॉवेलचा कोपरा उचलला. मासा खाऊन राह्यलता. मामाचे डोळे भरले. मी मोबाईल काढला, तर त्यानं कोपरा परत खाली सोडला. "जेवू दे त्याला."

म्हणून फोटो न्हाई. तुमच्या घरी असं कोण लाजून उपाशी राह्यलं होतं?