लाडकीआजीचा डोंगर

लाडकीआजी सगळ्यांना 'तू' म्हणायची. दुकानदाराला, पोलिसाला, तपासणीला आलेल्या साहेबालाही. काशीमीऱ्यामागच्या तिच्या वारली पाड्यावरच्या शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून तिने विचारलं, "बाई, तू टिकशील का?" टिकले, ते बरंचसं तिच्यामुळे.

पाडा आणि हायवे यांच्या मधल्या डोंगरावर तेव्हा डंपर येऊन इमारतींचा राडारोडा ओतत. त्याखाली झाडं गुदमरून वाळत. आजी आडवी गेली की ड्रायव्हर हसायचा, "माई, जमीन तेरी है क्या?"

"सवाल बरोबर हाय त्याचा," ती मला म्हणाली. "जवाब सरकारनं दिला पायजे."

पाड्याने त्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा केला. 'पुरावा अपुरा' म्हणून तो परत आला. माणसं खचली, आजी चिडली. "आपन मेलो न्हाय ना? मंग परत टाका!"

नव्याने पाहणी ठरली. गुडघे सुजलेले, तरी काठी टेकत आजी पाहणीला आलेल्या साहेबांच्या पुढे डोंगर चढली. वाघोबाचा शेंदरी दगड, सासऱ्याने खणलेली विहीर, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, सगळं तिने दाखवलं. साहेब म्हणाले, "आजी, उद्या हक्क मिळाला आणि तुम्हीच झाडं तोडून विकली तर?"

आजी तिथेच फतकल मारून बसली. "साहेब, तुझी आय म्हातारी झाली, त तू तिला इकशील?"

साहेब क्षणभर गोरेमोरे झाले. मग तिच्या शेजारी बसले आणि प्यायला पाणी मागितलं.

हक्क मंजूर झाला त्या दिवशी पाड्यावर तारप्याचे सूर घुमले. आजीने हक्काचा कागद हातात देऊन मला सगळ्यांपुढे उभं केलं. "बाई, जंगल राखायचा लिवलाय का त्यात?"

"'संरक्षण' लिहिलंय, आजी."

"मोठ्यानं वाच!"

डंपर पुन्हा आले तेव्हा अख्खा पाडा रस्त्यात उभा होता, आणि या वेळी वनरक्षकही आमच्या बाजूला. आजी ड्रायव्हरला म्हणाली, "चाय पिऊन जा. पन राडा संगती ने." त्याने खरंच चहा घेतला आणि भरलेला डंपर मागे वळवला. ती काठी उंचावून नाचली, सुजलेल्या गुडघ्यांनी!

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला म्हटलं, "आजी, डोंगर तुझा झाला."

"माझा कशाला? मी चालले. तो ऱ्हानार हाय."

आजी गेली. राडारोडा उपसून साफ केलेल्या उतारावर पाड्याने लावलेले मोह आणि बांबू आता एवढे वाढलेत, की हायवेवरून पाहिलं तर पाडा दिसतच नाही.