आमचं गाव खालून दिसतं

मी गाव सोडलं ते टोमॅटोच्या टेम्पोतून. मुलुंडला मामांकडे राहायचं, कॉम्प्युटरचा कोर्स करायचा आणि मिळेल ती नोकरी धरायची, एवढंच ठरलं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, जीपनं जुन्नरपर्यंत आले आणि आमच्याच आळीतल्या किसनभाऊंच्या टेम्पोत मला बसवून परत फिरले. आई वेशीपर्यंतच आली होती. तीही जीपपासून चार हात लांब, नाकाला पदर लावून. तिला डिझेलचा नुसता वास आला तरी मळमळायचं. तिथूनच ओरडली, "जाशील तिथं आधी पाणी कुठनं येतं ते बघ गं!" ती रडली नाही, मीही रडले नाही. मला घाट बघायचा होता ना!

तुम्ही जे वर गावी राहिलात ते आता हसाल. घाटमाथ्यावर जन्मलेली पोरगी, आणि म्हणे घाट बघायचा होता. पण खरंच सांगते. आमचं गाव नाणेघाटाच्या डोक्यावर. घरामागं भाताची खाचरं, मग माळ, आणि माळ संपला की जमीनच संपते. खाली सरळ कोकण. लहानपणी आम्ही त्या कड्यावर पालथं पडून खाली डोकवायचो. खालची घरं, खालचा डांबरी रस्ता, त्यावरून सरकणारे ट्रक दिसायचे. पण तिथं गाडीनं जायचं तर आधी तोंड फिरवून उलट्या दिशेला निघायचं. जुन्नर, मग ओतूर, मग माळशेजचा घाट, मग खाली. म्हणजे हात लांब केला तर लागेल अशा ठिकाणी जायला अर्धा दिवस. हे असं का, हा प्रश्न मी शाळेत गुरुजींना इतक्या वेळा विचारला की ते म्हणाले, "सह्याद्रीलाच विचार बाई."

माळशेजच्या खिंडीत किसनभाऊंनी टेम्पो थांबवला. उतरून देवीला हात जोडले, चाकांना लाथा मारून बघितल्या, परत बसून खालचा गिअर टाकला. मी विचारलं, उतारावर कशाला खालचा गिअर? ते म्हणाले, "ज्या गिअरमधी चढतो त्याच गिअरमधी उतरायचं. ब्रेकच्या जिवावर उतरला तो खालीच गेला." मग मी विचारलं, हा रस्ता इथूनच का काढला? पलीकडच्या डोंगरातून का नाही? आपल्या गावातून का नाही? तीन-चार वळणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तू नोकरीला चाललीस का घाटाची मोजणी करायला?"

खाली उतरल्यावर वैशाखऱ्याच्या अलीकडे एका टपरीपाशी चहाला थांबलो. किसनभाऊंनी कपातूनच हनुवटी वर केली. "वर बघ." वर नाणेघाटाचा कडा होता, नानाचा अंगठा म्हणतात तो सुळका, आणि त्याच्या शेजारची ती बारीक खाच. सकाळपासून आम्ही आख्खा तालुका पालथा घातला होता आणि आलो होतो कुठं, तर आमच्याच घराखाली. तिथं वर आई आता भांडी घासत असेल, असं मनात आलं आणि मला जे रडू फुटलं ते कल्याणपर्यंत थांबलं नाही. किसनभाऊ बिचारे दर नाक्यावर विचारत होते, "भूक लागली का?"

मुलुंडला मी रुळले. मामींच्या शेजारणी माझ्या 'मपलं-तुपलं'ला हसायच्या. मी जिथंतिथं "मपली पिशवी" म्हणायचे, आणि त्यांच्या पोरी खिदळत विचारायच्या, "मपली म्हणजे काय गं, म्हशीचं नाव?" वर्षभरात मीही 'माझी' म्हणायला लागले आणि 'काय यार' सुद्धा. एका औषध कंपनीच्या ऑफिसात चिकटले. संदीप तिथंच भेटला, लग्न झालं. पुढं आम्ही मुलुंड पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावरचं एक जुनं घर घेतलं. लिफ्ट नाही, गच्चीला ओल, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. ती खिडकी बघूनच मी हो म्हटलं होतं. संदीप अजून म्हणतो, "लोक कार्पेट एरिया बघतात, हिनं डोंगर बघितला."

ह्या सगळ्या वर्षांत आई त्या घरात एकदाही आली नाही.

यायचं नव्हतं असं नाही हं. घाट लागायचा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. किती उपाय केले! पोटाला वर्तमानपत्र बांधलं, आलेपाक दिला, आवळासुपारी, लिंबू, डॉक्टरांची गोळी, पुढची सीट. जुन्नरपर्यंत ती डोळे मिटून कशीबशी यायची. पण माळशेजचं पहिलं वळण आलं की तोंड पांढरंफटक. म्हणून माझ्या लग्नालाही आम्ही सगळे वर गेलो, लग्न गावातच लागलं. माझ्या मुलीच्या बारशाला ती निघाली, तर खिंडीच्या पुढं गाडीतून उतरून कठड्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा फुडं. मी इथंच बरी." दादानं, माझ्या भावानं, तिला तिथून परत नेलं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही. मीच वर जायचे, वर्षातून दोनदा. तात्या गेले तेव्हाही मीच गेले.

आणि मग सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं ठरलं. बिल्डर आला, मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, शेवटी सगळ्यांच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर महिन्याभरात घर रिकामं करायचं. टॉवर होईल, लिफ्ट मिळेल, झकास होईल, म्हणून सगळी बिल्डिंग खुशीत. आणि मी? मी ओट्यापाशी उभी राहून भांड्यांवर राग काढत होते. माझा ओटा, माझी ती खिडकी, मुलीची उंची मोजून पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा असलेली चौकट, सगळं पाडणार आणि माझ्या आईनं ते बघितलेलंच नसणार. म्हणजे मी इतकी वर्षं कुठं जगले ह्याला माझ्या माहेरचा साक्षीदारच नाही. संदीप म्हणाला, "व्हिडिओ कॉल कर ना." मी म्हटलं, "तुझ्या आईला दाखव व्हिडिओ कॉल."

दादा घाटमाथ्यावर ट्रेकवाल्या पोरापोरींना जेवण देतो. पिठलं, भाकरी, ठेचा. रविवारी खालून वैशाखऱ्याकडून चढून येतात, गुहेतली लेणी बघतात, तो जुन्या जकातीचा दगडी रांजण बघतात, जेवतात आणि उतरतात. एका रविवारी दुपारी आईचा फोन आला. ती एरवी फोनवर दोन मिनिटांत "ठेवू का" म्हणते. त्या दिवशी आवाजच वेगळा.

"अगं, आज चार पोरी जेवल्या मपल्याकडं. कुठल्या म्हटलं, तर मुलुंडच्या! तुपल्याच मुलुंडच्या ना त्या?"

"असतील. रविवारी खूप जण येतात."

"सकाळी घरनं निघाल्या म्हणत्यात. आन् दुपारच्या जेवणाला हितं!" "त्या ज्या वाटेनं वर आल्या, त्या वाटेनं मी खाली का नाही यायचं?"

मी खरंच पाटावर बसले. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. डांबरी रस्ता झाल्यापासून आमच्या लेखी खाली जायचं म्हणजे गाडीत बसायचं. नाणेघाट राहिला तो हौशी लोकांचा, पाठीवर रंगीत बॅगा घेणाऱ्यांचा. आणि आईचं माहेर कुठलं? खाली, टोकावड्याच्या बाजूचं! ती लग्न होऊन वर आली ती ह्याच नाणेघाटानं, चालत. आजी-आजोबा होते तोवर डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन ह्याच वाटेनं माहेरपणाला जायची, हे तिनंच आम्हाला शंभरदा सांगितलंय. ते गेले, तिचं उतरणं संपलं, आणि आम्ही ती वाटच विसरलो. दोन हजार वर्षं लोक कल्याणच्या बंदरातून बैलांवर माल लादून ज्या घाटानं वर आले, तो आमच्या परसात. आणि आम्ही पोटाला पेपर बांधत बसलो होतो.

दादा भडकला. "म्हातारीला डोंगरावरनं चालवत नेली म्हणतील लोक! पाय घसरला म्हणजे? खालच्या हॉस्पिटलात तू नेणार का?" त्याचं खोटं नव्हतं. घाटाच्या वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या आहेत, शेवाळानं गुळगुळीत, आणि आईची सत्तरी जवळ आलेली. मलाही रात्रभर तेच दिसत होतं. पण आईनं दादाला एवढंच विचारलं, "हिरडा गोळा करायला रानात मी गाडीनं जाते का रं?"

तर मी आदल्या दिवशी वर गेले. संदीपला सांगितलं, गाडी घेऊन वैशाखऱ्याला थांब. सकाळी दव वाळल्यावर आम्ही निघालो. मी, आई आणि अर्ध्यापर्यंत पोचवायला म्हणून दादा. नाणेघाटाच्या खिंडीत शिरताना आईनं चपला काढून हातात घेतल्या. अनवाणी पाय दगडाला धरतो म्हणाली. मी माझ्या महागड्या बुटांत दोनदा घसरले. दादा तिला हात द्यायला जायचा आणि ती त्याला म्हणायची, "हिला धर."

गुहेपाशी बसलो. मी तिला शाळेत शिकलेलं सांगितलं, की आपल्या माळावर त्या अंगाला पडलेलं पाणी कुकडीत जातं, कुकडीचं घोडनदीत, तिथून भीमा, कृष्णा आणि पार तिकडे बंगालच्या उपसागरात. आणि कड्याच्या ह्या अंगाला पडलेलं काळू नदीतून उल्हासला, आणि उल्हासचं पाणी आमच्या खाडीच्या बाजूला. आई म्हणाली, "आन् श्रावणात वारा खालचं पाणी उडवून परत वर आणतो, ते कुणाच्या वाट्याचं?" कड्यावरून पडणारा ओहोळ वारा उलटा वर फेकतो, ते बघायला हल्ली गाड्याच्या गाड्या येतात. तुमच्यापैकी कुणाला उत्तर येत असेल तर सांगा.

दादा अर्ध्यावरून परत फिरलाच नाही. बडबड करत खालपर्यंत आला. शेवटच्या जंगलाच्या टप्प्यात आई दर झाडाला टेकत होती आणि मी मनात म्हणत होते, देवा, मी काय करून बसले! पण ती थांबली की आधी इकडेतिकडे बघायची. इथं झरा होता, इथं आंब्याचं झाड होतं, हे कुणी तोडलं? डांबरी रस्ता दिसला तेव्हा ती धोंड्यावर बसली आणि वर बघून म्हणाली, "आमचं गाव खालून एवढंसंच दिसतं व्हय?" संदीप गाडीला टेकून उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो असा माणूस नाही.

सपाट रस्त्याला तिला काही झालं नाही. मुरबाडच्या पुढं एकदा काच खाली करायला लावली, तेवढंच.

घरात आल्यावर ती बसलीच नाही. प्रत्येक नळ सोडून बघितला. कपाटं उघडली, डबे उघडले, "एवढी हळद कशाला भरून ठेवतीस, कीड पडंल" म्हणाली. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघांवरून बोट फिरवलं, खालून वर. मग खिडकीत उभी राहिली. "हा डोंगर कुठला? त्याच्या पल्याड काय?" मी म्हटलं, येऊर. पलीकडं जंगल. "जंगलाच्या पल्याड?" मग मुलीनं फोनवर नकाशा काढून आजीला दाखवला, आणि त्या दोघी त्यात अशा घुसल्या की चहा गार झाला.

ती आठवडाभर राहिली. तीन जिने रोज दोनदा चढली-उतरली. खालच्या भाजीवालीला ओतूरचा टोमॅटो ओळखून दाखवला. सोसायटीतल्या बायकांना सांगितलं, "मी घाटानं आले," आणि त्यांना वाटलं माळशेजनं, बसमधून.

परत जाताना तिला चढायचं होतं. दादा घ्यायला खाली आला होता. वैशाखऱ्याला गाडीतून उतरलो आणि माझा धीर सुटला. भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडले. म्हटलं, आई, तू आलीस आणि आता ते घरच राहणार नाही. पुढच्या महिन्यात पाडतील. आम्ही भाड्यानं कुठं जाऊ, टॉवर कधी होईल, झाला तरी ती खिडकी कुठल्या दिशेला येईल, काहीच माहीत नाही. इतकी वर्षं वाट बघितली आणि एकाच आठवड्यासाठी तुझं घर झालं ते.

मला वाटतं, तुम्हा-आम्हा सगळ्या निघून आलेल्यांना हेच वाटत असतं, की एक घर मागं राहिलं आणि एक पुढं आहे, आणि आपण मधल्या वळणावर. मी तरी तसंच समजत होते.

आईनं माझं तोंड पदरानं पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. मग पदर कमरेला खोचला, चपला काढून हातात घेतल्या.

"पाडू दे की. कुठं राहायला जाशील तेवढं सांग. कसं यायचं ते मला आता ठाऊक झालंय."