जिवंत माशाचा पंचनामा

भुकूमकडच्या त्या तळ्याची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो. मी तेव्हा पौडला नवा फौजदार होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. कागदावर आलं ते खरं, अशी माझी भाबडी समजूत होती.

तळ्यात कुणीतरी विष कालवल्याची खबर आली. सकाळी पोचलो तर एका बागाईतदाराने पाळलेले रोहू मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. उरलेले एकाच जागी गोल गोल फिरत होते. डोळे बाहेर आलेले, अंगावर लाल व्रण. आणि त्या मरणात बेडूक मात्र खुशाल ओरडत होते. पाण्यात विष असेल तर बेडूक कसे जगले, हे मला खटकलं, पण पंचनाम्यात लिहिलं नाही.

संशय बागाईतदाराने कामावरून काढलेल्या तळ्याच्या राखणदारावर होता. तो गेळाची फळं ठेचून ओढ्यातले मासे गुंगवतो, हे गावाला माहीत होतं. कोठडीत तो शांतपणे म्हणाला, "सायेब, गेळानं मासा लगीच उलटा व्हतो. ह्यो रोज थोडा थोडा मरतोय. ह्ये रोगाचं काम हाय."

विषाची एवढी माहिती म्हणजे कबुलीच, असं मी धरलं. जमादारांनी तर आरोपपत्राचे कागदही काढले.

सीलबंद बाटलीतले मेलेले मासे पुण्याच्या मत्स्यतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी बूचसुद्धा काढलं नाही. मेल्यावर नाही नाही ते जंतू आत शिरतात, आजारी पण जिवंत मासा आणा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीत मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसलो. डब्याच्या तोंडाला फडकं, दोरीवर लाखेचं सील. आत मासा कडेला अंग घासत फिरत होता. तो आवाज नकोसा वाटत होता, आणि थांबेल याचीही भीती वाटत होती.

तज्ज्ञांनी माशाचं मूत्रपिंड काढून काचपट्टीवर टेकवलं, रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. बारीक बारीक कांड्यांसारखे जंतू दिसले. पुढे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवल्यावरही तेच जंतू आले. बागाईतदार पाहुण्यांना दाखवायला सारखे जाळं टाकून मासे काढत आणि परत सोडत. खरचटलेल्या अंगातून रोग शिरला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं.

राखणदार सुटला. महिन्याने त्याच्या दारावरून जाताना त्याची बायको म्हणाली, "इख कालवनाऱ्याचं घर म्हनून आमच्या हातचं पानी अजून कुनी पीत न्हाई, सायेब."

मी तिला चावडीसमोर बोलावलं, सगळ्यांच्या देखत तिच्याकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि प्यायलो. जमादारही प्यायले. बाकी कुणी हात पुढे केला नाही.

गुन्हा कोणी केला, हे विचारण्याआधी गुन्हा घडला आहे का, हे विचारावं. एवढं मी शिकलो. सुटकेचा कागद मी अर्ध्या तासात लिहिला होता. गावाने तिच्या हातचं पाणी कधी घेतलं, ते मला आजवर कळलेलं नाही.