हिरव्या जीपची दुसरी जाहिरात

हिलाल मिस्त्रीची गोष्ट सांगायची म्हणजे मला आधी माझीच लाज सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं मी ती सांगितली नाही. लोक विचारतात, "नाना, तो जुन्या गाड्यांवाला हिलाल कुठं गेला हो?" मी सांगतो, चोपड्याकडे असतो, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. ते खरंच आहे. गाडीला तो आता हात लावत नाही. एसटीतसुद्धा ड्रायव्हरकडे पाठ करून बसतो म्हणतात. का, ते मला ठाऊक आहे आणि आज बोलून टाकतो एकदाचं.

मी गिरधर. धुळ्याच्या देवपुरात माझा टायपिंगचा क्लास होता. क्लासमागची मोकळी जागा आणि पत्र्याची शेड हिलालला भाड्याने दिली होती. माणूस चाळिशीचा, काळा, रुंद हाडाचा, आणि बोलणं असं की एक वाक्य ऐकायला अर्धा कप चहा लागायचा. आधी एका खासगी वर्कशॉपात होता. मालकाशी वाजलं, बाहेर पडला आणि त्याने हा उद्योग धरला. जळगावच्या पेपरात गुरुवारी आणि रविवारी छोट्या जाहिरातींचं पान यायचं. लोक आधी सोन्याचा भाव बघायचे, हिलाल 'वाहने घेणे-देणे' बघायचा. कुठे कुणाची गाडी बंद पडून राहिली आहे ते हुडकायचा, दोराने ओढत आणायचा, चार-सहा महिने तिच्याखाली पडून राहायचा, आणि चालू झाली की परत त्याच पानावर विकायचा.

त्या पानाची भाषा वेगळीच असते. 'किरकोळ काम बाकी' म्हणजे इंजिन खोलून पोत्यात भरलंय. 'घरगुती वापर' म्हणजे आत कोंबड्या अंडी घालतात. 'मालक परगावी जात असल्याने' म्हणजे मालकाला त्या गाडीचं तोंड बघायचं नाही. मला हे सगळं हिलालने शिकवलं. त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून त्याच्या जाहिराती मी लिहायचो. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? शब्दामागे पैसे पडतात, तेव्हा दहा शब्दांचं काम सहात करायचं यात माझा हात धरणारा धुळ्यात कोणी नव्हता. आणि हिलालचा एकच नियम होता. "नाना, गाडीनी खोड कागदवर नही लिखानी. तोंडे सांगानी." तो तोंडी सांगायचा मात्र, प्रत्येक खोड, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत. लबाड माणूस नव्हता तो. लबाड असता तर आज सुखात असता.

ब्याण्णव साली पाचोऱ्याच्या एका बंद कापूस-जिनिंगमधून त्याने एक जीप आणली. हिरवी, टप फाटलेला, चाकांखाली घूस राहिलेली. सात महिने लागले. दिवाळीनंतर ती उभी राहिली तेव्हा मीसुद्धा कौतुकाने दोन फेऱ्या मारल्या. जाहिरात दिली आणि चौथ्या दिवशी शिंदखेड्याकडचा एक पोरगेला माणूस आला, सुपडू नावाचा. पंचविशीचा असेल. त्याला पाशिंजर भरायला गाडी हवी होती. सोबत म्हातारी आई, नर्मदाबाई. तिने बॉनेटला हळद-कुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि हिलालच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"भाऊ, याना पहिले दोन गयात," म्हणाली. "हाऊ सुपमा घालीसन वाचाडेल शे. गाडी चांगली शे ना?"

आमच्याकडे ही रीत आहे. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला सुपात घालून ओढतात, देवाला वाटावं की हे तर टाकाऊ, कचरा आहे, याला काय न्यायचं. आणि नाव ठेवतात सुपडू. हिलालने म्हातारीच्या पायांना हात लावला. "अक्का, मनी माय बसनी असती तरी हाईच गाडी देतू," म्हणाला.

आणि खरं म्हणजे गाडी चांगलीच होती. एकच बारीक खोड राहिली होती. मागच्या डाव्या चाकाशी ब्रेकचं तेल जरा पाझरायचं. त्याचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता. हिलालने ते सुपडूला दाखवलं, हात धरून ब्रेकच्या तेलाची डब्बी दाखवली, आणि सांगितलं, "दर आठ दिनले देखजो. ब्रेकनं तेल कमी व्हयनं तर टाकी देजो. भाग उना का मी बसाडी देसू." सुपडूने मान डोलावली. व्यवहार पुरा झाला. कागद नावावर व्हायचे बाकी होते, गाडीचं आरसी पुस्तक हिलालच्या पेटीत राहिलं. महिन्याभराने करू, म्हणाले. सगळेच तसं करायचे. माय-लेक जीपमध्ये बसून गेले. म्हातारीने वळून हात केला होता.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, हिलालच्या नावाने पोस्टकार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. 'गाडी ब्येस चालते आहे. ब्रेकचे तेल कमी झाले होते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे टाकले. इंजिनात घालतात ते भारी तेल टाकले. आता पेडल एकदम दगडासारखे कडक झाले आहे. आईचा आशीर्वाद.'

मी हसलो. म्हटलं, बघ, गिऱ्हाईक खूश आहे तुझं. हिलालने तेलाची ओळ मला परत वाचायला लावली.

मला काय डोंबल कळतंय ब्रेकमधलं! त्याने सांगितलं ते असं. ब्रेकमध्ये जे घालतात ते तेल नसतंच म्हणे. नुसतं म्हणायला तेल. छोट्या डब्यात येतं, दुकानदारही 'ब्रेक ऑइल' म्हणतो, आपणही तेलच म्हणतो. त्यात इंजिनाचं खरं तेल पडलं की आतली रबरं फुगतात. आधी ब्रेक धरून बसतात, पेडल कडक लागतं, माणसाला वाटतं काय झकास झालंय. मग चाकं तापायला लागतात. आणि मग एका उताराला, पाय टेकवला की पेडल सरळ खाली जातं.

"सपाटवर गाडी फिरी राहिनी तोपर्यंत ठीक," हिलाल म्हणाला. "उतार लागना तर..."

मंगळवारी पहाटे तो शिंदखेड्याला गेला. दिवसभर स्टँडवर, पंपावर, चहाच्या टपऱ्यांवर विचारत हिंडला. गावाचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं हो! 'शिंदखेड्याकडला' एवढंच. आडनाव माहीत नाही. कार्डावर पत्ता नाही, टपालाचा शिक्काही पुसटलेला. आणि त्या तालुक्यात सुपडू किती? दर गल्लीत एक. ज्या-ज्या घरात लेकरं गेली त्या-त्या घरात एक सुपडू. हिलालला दिवसात अकरा सुपडू भेटले. एक तर सत्तर वर्षांचा होता. हिरव्या जीपवाला नाही भेटला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याला नीट बसताही येत नव्हतं.

मीच म्हणालो, "अरे, तो तुला जाहिरातीतून सापडला ना? मग जाहिरातच देऊ. गुरुवारचं पान मिळेल. पेपरचा एजंट आता बसने जळगावला पाकीट पाठवतोच आहे." हिलाल माझ्याकडे देवच भेटल्यासारखा बघायला लागला. मी लगेच कागद घेतला आणि लिहिलं: 'शिंदखेड्याकडील सुपडूभाऊ, देवपूरहून नेलेल्या हिरव्या जीपच्या ब्रेकमध्ये इंजिनाचे तेल पडले आहे. ब्रेक निकामी होतील. गाडी अजिबात चालवू नका. हिलाल मिस्त्री.'

वाचून दाखवलं. हिलालने कागद हातात घेतला. मग म्हणाला, "नाना, ब्रेक हाऊ शब्द काढा."

"काढा म्हणजे?"

"त्याच पानवर मनी फियाट शे." दुरुस्त केलेली एक फियाट त्याने विकायला लावली होती, एका डॉक्टरशी तिची बोलणी चालली होती. "हिलाल मिस्त्री आनी ब्रेक निकामी, हाई एक डाव छापी उनं का संपनं. बठ्ठा खान्देश वाचस. कोन्ही नही येवाव. त्याले बलावी घ्या फक्त. उना का मी तोंडे सांगसू."

आता इथे मी शहाणपणा करायला हवा होता. वयाने मोठा, शिकलेला, जागेचा मालक. दोन शिव्या हासडून त्याला गप्प करायला हवं होतं. पण मला ते पटलं हो. खरं सांगतो, पटलं. माणूस येईल, तोंडी सांगू, हिलालचं पोटही राहील. शिवाय माझी ती खोड! मजकूर छाटायला मिळाला की माझे हात शिवशिवतात. मी नवा कागद घेतला आणि कचेरीत शोभेल असं लिहिलं:

'शिंदखेड्याकडील सुपडूभाऊ यांनी देवपूरहून नेलेली हिरवी जीप वापरू नये. ताबडतोब समक्ष भेटावे. हिलाल मिस्त्री.'

पहिला कागद चुरगाळून टोपलीत टाकला. पाकीट घेऊन मीच एजंटकडे पळालो.

गुरुवारी जाहिरात आली, ठळक अक्षरात. हिलाल सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसला. जीपचा आवाज आला की उठायचा. दूधवाल्याची जीप, कापसाच्या दलालाची जीप, जंगल खात्याची जीप. दुपारी जेवला नाही. बायकोने, रुक्माबाईने, ताट आणून शेजारी ठेवलं ते तसंच वाळलं. "येईल रे," मी म्हणत होतो. "पेपर सगळीकडे जातो. कोणीतरी वाचून दाखवेलच." शुक्रवारही तसाच गेला. त्या दिवशी मीही क्लास लवकर सोडला आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. मला एकसारखं वाटत होतं की आपण काहीतरी चुकीचं करून बसलोय, पण काय ते सापडेना.

शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. कोंडाईबारी घाटात जीप दरीत कोसळली, वृद्धा जागीच ठार, चालक गंभीर. गाडीचा रंग दिला नव्हता. तो द्यायची गरजही नव्हती. हिलालने पेपर घडी करून मला परत दिला आणि शेडमध्ये जाऊन आतून कडी लावली. रुक्माबाई दार वाजवत राहिली.

मला तेव्हा एकच कळत नव्हतं. शिंदखेड्याचा माणूस कोंडाईबारीत गेलाच कशाला? तो घाट तर साक्रीच्याही पुढे, गुजरातच्या वाटेवर. पाशिंजर भरायला इतक्या लांब कोण जातं?

ते सुपडूनेच सांगितलं. महिन्याने आला. उजवा हात गळ्यात, पाय ओढत चालत होता. फाटकाशी उभा राहून आधी चपला काढल्या. हिलाल उठून उभा राहिला, पण पुढे जाईना. सुपडूच आत आला आणि त्याने जीपची किल्ली टेबलावर ठेवली.

"भाऊ, माफ करा," तो म्हणाला. "तुमनी गाडी घाटमा पडेल शे. मी पाप कयं."

मी म्हटलं, "तू कसलं पाप केलंस?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. गुरुवारी न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी ती जाहिरात मोठ्याने वाचली. 'वापरू नये. समक्ष भेटावे.' गावात आधीपासूनच लोक म्हणत होते, इतकी चांगली गाडी इतक्या स्वस्तात कशी दिली, कागद तर अजून मिस्त्रीच्याच नावावर आहेत, बघ, परत मागेल. जाहिरात ऐकल्यावर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं: ही नोटीस आहे. मिस्त्रीला जास्त भाव देणारा भेटला, आता पोलीस घेऊन येईल. कानोकानी भीती वाढत गेली. सुपडूची बहीण घाटापलीकडे विसरवाडीला दिली होती. तिच्या दारात महिनाभर जीप लपवून ठेवू, मग बघू, असं ठरलं. म्हातारी म्हणाली, एकट्याला सोडणार नाही. शुक्रवारी सकाळी निघाले.

"गाडी मनी नव्हती ना, कागद तुमना नाववर व्हतात," सुपडू म्हणाला. "मी ती लई पळनू. म्हनीसन देवनी मनी माय लई लिधी."

हिलाल खाली बसला, जमिनीवरच. गप्प राहिला असता तर सुपडू पाया पडून निघून गेला असता आणि आम्हा दोघांच्या तोंडाला कायमचं कुलूप लागलं असतं. मी तेच व्हावं असं मनात म्हणत होतो, हेही सांगून टाकतो. पण हिलालने तोंड उघडलं. हळूहळू, एकेक शब्द. गाडी परत मागायची नव्हती. ब्रेकमध्ये इंजिनाचं तेल पडलं होतं. तुला थांबवायला ती जाहिरात दिली होती.

सुपडू ऐकत राहिला. मग डाव्या हाताने खिसा चाचपून त्याने पेपरचा तो तुकडा काढला. घाम लागून मऊ पडला होता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. टेबलावर कागद पसरून त्याने एकेका शब्दाखाली बोट ठेवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"यामा ब्रेक कोठे शे, भाऊ?"

हिलालने माझ्याकडे पाहिलं. सुपडूनेही पाहिलं.

"होता," मी म्हणालो. "पहिल्या कागदावर होता. आम्ही काढला."