कुपीवरची रेघ

बाटली दिसली की सोपानमामांचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा. बीडजवळच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे परिचर होते. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते प्रत्येक बाटलीवर, आत जेवढं असेल तिथे रेघ मारून शेजारी वार लिहायचे. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मानूस इसरतंय मॅडम, बाटली इसरत न्हाई."

मी तिथे पीएच.डी. करत होते आणि मुळातच धांदरट होते. माझं सगळं काम एका इवल्या कुपीवर अवलंबून होतं. तिच्यात अँटीबॉडी होती. पेशी दुभंगायला निघाली की तिच्यात एक प्रथिन तयार होतं. ही अँटीबॉडी नेमकी त्यालाच चिकटते, आणि रंग दिला की काचेवर तपकिरी ठिपके दिसतात. मामांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे कोन्च्या घरात वाटनी व्हनार हाय, ते ह्याला अदुगर कळतंय. लई खट हाय की."

सोमवारी ठिपके छान आले. बुधवारी दिवसभर वीज नव्हती, आणि कुपी तर थंडच ठेवावी लागते. मामांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणला आणि कुपी थर्मासमध्ये जपून ठेवली. गुरुवारी मी पुन्हा सगळं केलं, तर काच कोरी. माझं डोकंच चालेना. पेशी बिघडल्या, रंग बिघडला, की मीच कुठे चुकले? कशाचा कशाला मेळ लागत नव्हता. मग थर्मास आठवला आणि, खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"तुमच्या थर्मासनं माझं काम बुडवलं," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

मामांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "बरं."

मी लेखी तक्रार केली. मामांना फाटकावर बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. नवी कुपी आली, माझं काम पुढे सरकलं.

काही महिन्यांनी फ्रिज साफ करताना जुनी कुपी सापडली. तिच्यावर मामांचं बारीक अक्षर होतं. सोम, मंगळ, बुध, गुरू, चारही वार एकाच रेघेशेजारी. मंगळवारी, बुधवारी मी ती उघडली नव्हती, ते ठीक. पण गुरुवारी? गुरुवारीही तिच्यातला थेंब कमी झालेला नव्हता. मी अँटीबॉडी टाकायचीच विसरले होते.

मी घाटनांदूरला त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. मागताना रडू आलं.

"रेघ मारताना तुम्हाला कळलं होतं ना, मामा?"

"कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुटं, मॅडम? तुमी सांगितलं."

एवढं बोलून ते माझ्यासाठी चहा टाकायला उठले. ते रागावलेले होते की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही.